प्रोजेक्ट झॉम्बॉइड मित्रांसोबत: पहिला महिना तगून राहण्याची सविस्तर पद्धत

प्रोजेक्ट झॉम्बॉइड या संगणकावरील झोंबी-खेळात जिंकणे असे काही नाही. जग सुरू होताच पडद्यावर जी वाक्ये येतात, त्यांतून खेळाडूला आधीच सांगितले जाते की ही त्याच्या मृत्यूची कथा आहे, आणि मग तो मृत्यू किती लांबवता येतो एवढाच प्रश्न उरतो. द इंडी स्टोन या स्वतंत्र चमूने घडवलेला हा खेळ २०१३ पासून स्टीम या खेळ-विक्रीच्या मंचावर अर्ली अ‍ॅक्सेस, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीस ठेवलेल्या, स्वरूपात उपलब्ध आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ४१वे बिल्ड स्थिर आवृत्ती म्हणून आले तेव्हा त्यातील बहुखेळाडू भाग नव्याने बांधलेला होता, आणि तेव्हापासून चार-पाच मित्रांनी मिळून खेळण्यासाठी याच्याइतका सखोल झोंबी-खेळ मला दुसरा आढळलेला नाही. पुढील सर्व मार्गदर्शन ४१व्या बिल्डला धरून आहे.

कथा १९९३ च्या जुलैमध्ये, अमेरिकेतील केंटकी राज्यात घडते. नॉक्स कंट्री हा प्रदेश काल्पनिक असला तरी मुलड्रॉ, वेस्ट पॉइंट आणि लुइव्हिल ही केंटकीतील खरी गावे आहेत. रोगाची साथ पसरलेली आहे, प्रदेशाभोवती वेढा आहे आणि बाहेरून मदत येणार नाही. एकट्याने खेळताना जो सावध असतो, तोच खेळाडू मित्रांसोबत आला की बेफिकीर होतो, कारण संकटात कोणीतरी धावून येईल असे त्याला वाटत असते. हा लेख मुख्यतः त्या बेफिकिरीवर आहे. चौघे मिळून एकट्यापेक्षा चौपट आवाज करतात, चौपट अन्न खातात आणि एकमेकांची वाट पाहत उघड्यावर उभे राहतात; म्हणून कामाची वाटणी आणि शांतता या दोन गोष्टी आधी ठरवल्याशिवाय जगात पाऊल टाकू नये.

होस्ट कोणी व्हावे

खेळाच्या मुख्य मेनूतील ‘होस्ट’ हा पर्याय वापरून कोणीही एक जण आपल्या संगणकावर जग उभे करू शकतो आणि बाकीच्यांना स्टीमवरून आमंत्रण पाठवू शकतो. या पद्धतीत राउटरची सेटिंग बदलण्याची गरज बहुधा पडत नाही, आणि पुण्यात हे महत्त्वाचे आहे, कारण इथल्या अनेक घरगुती ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येणारा इंटरनेट-पत्ता, मिळत नाही. मात्र होस्टने खेळ बंद केला की सर्वांसाठी जग बंद होते. हिंजवडीत रात्रपाळी असलेल्या मित्राला होस्ट केले, तर बाकीचे त्याच्या सुट्टीची वाट पाहत बसतात.

होस्ट निवडताना कोणाचे ग्राफिक्स कार्ड भारी आहे हे पाहण्यापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे रॅम. एकट्या खेळासाठी किमान ८ जीबी सांगितली जाते, पण होस्टच्या संगणकावर खेळ आणि सर्वांचे जग चालवणारा सर्व्हर असे दोन्ही एकाच वेळी चालत असल्याने १६ जीबी असलेली बरी, आणि होस्टच्या पडद्यावर सर्व्हरसाठी किती मेमरी द्यायची हा जो आकडा असतो तो खेळाडूंच्या संख्येनुसार वाढवावा. दुसरी गोष्ट म्हणजे तारेने जोडलेले इंटरनेट, कारण वायफाय क्षणभर जरी अडखळले तरी दूर दिसणारा झोंबी एकदम अंगावर आलेला दिसतो. तिसरी गोष्ट वीज. एप्रिल-मे महिन्यांतील वळवाच्या पावसात कोथरूडला वीज असते तेव्हा हडपसरला गेलेली असते, आणि लढाईच्या ऐन मध्यात होस्टचा संगणक बंद पडणे हे सर्वांच्या जिवावर बेतू शकते. संगणक आणि राउटर दोन्ही यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर असलेले घर निवडावे; नुसता संगणक चालू राहून राउटर बंद पडला तर उपयोग नाही.

होस्टने आणखी एक सवय लावून घ्यावी. विंडोजमधील आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये झॉम्बॉइड नावाचा फोल्डर असतो, त्यात सेव्ह आणि सर्व्हरची माहिती साठवलेली असते. दर बैठकीनंतर त्या फोल्डरची एक प्रत दुसरीकडे ठेवावी.

ज्यांना कोणीही केव्हाही येऊन खेळावे असे हवे आहे, त्यांनी होस्ट नसतानाही चालू राहणाऱ्या स्वतंत्र सर्व्हरचा विचार करावा. त्यासाठी मुख्यतः १६२६१ हा यूडीपी पोर्ट उघडावा लागतो आणि प्रत्येकाने दर वेळी त्याच वापरकर्ता-नावाने आत यावे लागते, कारण नाव बदलले की खेळ नवे पात्र मागतो. याउलट सगळे एकाच घरी जमणार असतील तर इंटरनेटचीही गरज नाही: एकाच पडद्याचे भाग पाडून चार जणांपर्यंत खेळता येते, त्यात एकाकडे कीबोर्ड-माउस आणि इतरांकडे कंट्रोलर लागतात. पडदा लहान असेल तर अक्षरे वाचताना डोळे शिणतात, हे मात्र लक्षात ठेवावे.

जगाचे नियम ठरवणे

सँडबॉक्सच्या पडद्यावर शेकडो पर्याय आहेत आणि नवखा गट तिथेच गोंधळतो. सुरुवातीला चार-पाचच बदलावेत.

खेळाडूंनी एकमेकांना इजा करण्याची मुभा, म्हणजे पीव्हीपी, बंद करावी. अरुंद दारात दोघांनी एकाच वेळी बॅट फिरवली की मित्राचे डोके फुटू शकते. दिवसाची लांबी मुळात खऱ्या एका तासाची असते, ती दोन तासांची करावी. मित्रांसोबतच्या खेळात वेळ थांबवता येत नाही. कोणी पुस्तक वाचत असतो, कोणी सुतारकाम करत असतो, कोणाच्या घरी दार वाजलेले असते, आणि एका तासाचा दिवस हां हां म्हणता निघून जातो. झोपेची गरज बहुखेळाडू जगात मुळातच बंद असते आणि ती तशीच ठेवावी, कारण ती चालू केल्यास सगळे झोपल्याशिवाय वेळ पुढे पळत नाही.

झोंबींची पुनरुत्पत्ती हा वादाचा मुद्दा आहे. माझे स्पष्ट मत असे की पहिल्या जगात ती बंद ठेवावी. आपण साफ केलेली गल्ली साफच राहते हा अनुभव गटाला नियोजन करायला शिकवतो. पुनरुत्पत्ती चालू असली की केलेले काम वाया गेल्याची भावना येते आणि नवखे खेळाडू कंटाळतात. पुढच्या जगात ती खुशाल चालू करावी. मोड, म्हणजे इतर खेळाडूंनी बनवलेले फेरबदल, अगदी मोजके ठेवावेत, कारण प्रत्येकाकडे तेच मोड त्याच आवृत्तीत असावे लागतात आणि एखादा मोड मध्येच अद्ययावत झाला की सर्व्हर पुन्हा सुरू करण्यावाचून गत्यंतर नसते.

पात्रे एकमेकांना पूरक हवीत

एकट्याच्या खेळात सर्वगुणसंपन्न पात्र बनवण्याकडे कल असतो. गटात तसे केल्यास चौघेही सगळ्यात थोडेथोडे आणि कशातच पक्के नसतात. व्यवसाय वाटून घ्यावेत. इलेक्ट्रिशियनला जनरेटर वापरण्याचे ज्ञान सुरुवातीपासून असते, ते इतरांना एका विशिष्ट मासिकातूनच मिळते आणि ते मासिक शोधण्यात आठवडे जाऊ शकतात. म्हणून गटात एक इलेक्ट्रिशियन असावाच. सुतार ठाणे, म्हणजे गटाचे राहण्याचे ठिकाण, बांधतो. चोर, म्हणजे बर्गलर, हा व्यवसाय नावाने कमीपणाचा वाटला तरी फार उपयोगी आहे, कारण चावी नसलेली गाडी तो पहिल्या दिवसापासून तारा जोडून सुरू करू शकतो. इतरांना त्यासाठी विद्युतकामाची १ली आणि मेकॅनिकची २री पातळी गाठावी लागते. चौथा लढवय्या असावा: अग्निशमन कर्मचारी किंवा लाकूडतोड्या, ज्यांचा हात कुऱ्हाडीवर बसलेला असतो. डॉक्टर उपयोगी आहे, पण चारच जण असतील तर त्याची जागा रिकामी राहिली तरी चालते, कारण मलमपट्टी सर्वांनाच करता येते.

दोष निवडून गुण मिळवायचे असतात, तिथे दुसऱ्यांना भोवणारे दोष टाळावेत. धूम्रपानाची सवय असलेल्या पात्राला सिगारेट मिळाली नाही की ताण येतो, पण तो त्याचा त्याच्यापुरता असतो. बहिरेपणाचे तसे नाही. मागून येणारी चाहूल न ऐकणारा माणूस पहाऱ्यावर ठेवता येत नाही. चटकन नजरेत भरण्याचा आणि धांदरटपणाचा दोषही असाच सगळ्या गटाला भोवतो. उलट तीक्ष्ण कान हा गुण गटात निदान एकाकडे असावा आणि तोच शेवटी चालावा.

पहिले दोन दिवस

सुरुवातीच्या गावांपैकी रोझवूड हे नवख्या गटाला सोयीचे आहे. गाव लहान, वस्ती विरळ आणि तिथे अग्निशमन केंद्र आहे, ज्यात कुऱ्हाडी आणि जाड संरक्षक पोशाख मिळण्याची शक्यता चांगली असते. रिव्हरसाइडही चालेल. वेस्ट पॉइंटमध्ये झोंबींची गर्दी दाट आहे, तिथे पहिल्या खेपेस जाऊ नये.

सर्वांनी एकच गाव निवडले तरी प्रत्येक जण वेगळ्या घरात जागा होतो. म्हणून भेटण्याची जागा आधी ठरलेली हवी, आणि ती एखाद्या मोठ्या, नकाशावर ओळखू येणाऱ्या इमारतीची मागची बाजू असावी. रोझवूडमध्ये अग्निशमन केंद्र हे उत्तम ठिकाण आहे. मात्र लगेच धावत निघू नये. आधी आपण जागे झालेल्या घराचे पडदे लावावेत, स्वयंपाकघरातून तवा, हातोडी, सुरी असे जे हाताला लागेल ते घ्यावे, कपाटातील पिशवी पाठीवर टाकावी, चादर फाडून पट्ट्या करून ठेवाव्यात आणि मगच मागच्या दाराने, सी दाबून वाकून चालत निघावे. क्यू या कळीवर बोट जाऊ देऊ नये; तिने पात्र मोठ्याने ओरडते आणि आसपासचे सगळे त्या दिशेला वळतात.

दुसऱ्याच्या घरात शिरताना दार बंद असेल तर खिडकी उघडून पाहावी. ती उघडत नसेल तरच फोडावी आणि फोडल्यावर चौकटीतील काचा काढल्याशिवाय आत उडी मारू नये, नाहीतर तळहातात काच रुततो. काही घरांना धोक्याची घंटा असते आणि ती कोणत्या घराला आहे हे बाहेरून समजत नाही. घंटा वाजली की सामान उचलत बसू नये. सगळ्यांनी त्याच क्षणी, आधी ठरलेल्या एकाच दिशेने निघून जावे आणि त्या गल्लीत दुसऱ्या दिवसापर्यंत फिरकू नये. दोघांनी दोन दिशांना धाव घेतली तर जमाव विभागला जातो खरा, पण दोघांपैकी प्रत्येकाला एकट्याने सामोरे जावे लागते.

पहिल्या आठवड्यात, वीज असेपर्यंत, दूरदर्शन संच हे शाळेचे काम करतात. लाइफ अँड लिव्हिंग या वाहिनीवर सकाळी ६, दुपारी १२ आणि संध्याकाळी ६ वाजता स्वयंपाक, सुतारकाम, मासेमारी अशा विषयांचे कार्यक्रम लागतात आणि संचासमोर बसलेल्या पात्राला त्या कौशल्याचे गुण मिळतात. सुताराने आणि स्वयंपाक करणाऱ्याने या वेळा चुकवू नयेत. तेवढा वेळ दुसऱ्या जोडीने जवळपासची घरे धुंडाळावीत.

दिशा, कुंपण आणि दम

मित्रांसोबत लढताना सर्वांत जास्त घोटाळा बोलण्यात होतो. “अरे मागे बघ, मागे!” असे कोणी हेडफोनमध्ये ओरडले की चौघेही वळतात, कारण मागे म्हणजे कोणाच्या मागे हे कोणालाच माहीत नसते. या खेळातील दृश्य फिरवता येत नाही. ते सर्वांना एकाच कोनातून दिसते, आणि उत्तर दिशा नेहमी पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्याकडे असते. मग वरचा डावा कोपरा पश्चिम, खालचा उजवा पूर्व आणि खालचा डावा दक्षिण. “पूर्वेकडून दोन, घराच्या कोपऱ्यावर” असे म्हटले की कोठेही उभ्या असलेल्या मित्राला नेमके कळते. पहिला तासभर हे जड जाते, पण एकदा जिभेवर बसले की गटाचे आयुष्य वाढते.

लढण्याची सर्वांत भरवशाची जागा म्हणजे कमरेएवढे कुंपण. त्याची रीत नीट समजून घ्यावी. आपण कुंपणाच्या या बाजूला, एक पाऊल मागे उभे राहायचे. झोंबी कुंपणाशी येतो, वर चढू पाहतो आणि तोल जाऊन या बाजूला जमिनीवर कोसळतो. तो उठेपर्यंत जो थोडा वेळ मिळतो, तेवढ्यात लक्ष्य धरून त्याच्या डोक्यावर वार करायचा किंवा जवळ जाऊन स्पेसने पाय हाणायचा. पुढचा कोसळण्याआधी पुन्हा एक पाऊल मागे. दोघे असतील तर एकाने पडलेल्यांना संपवावे आणि दुसऱ्याने त्याच्याकडे पाठ करून मोकळ्या बाजूकडे पाहत राहावे. त्याने मोहाला बळी पडून वळू नये, कारण बहुतेक चावे अशाच वळलेल्या पाठीवर पडतात. एकावेळी तीनपेक्षा जास्त कोसळू लागले की ती जागा सोडून पुढच्या कुंपणावर जावे. उंच जाळीच्या कुंपणाला हे लागू नाही: ते झोंबींना ओलांडता येत नाही आणि ते धडका मारून पाडतात.

हत्यारांत कोयत्यापेक्षाही पहार अधिक दिवस साथ देते, कारण ती सहज झिजत नाही. बंदूक पहिल्या महिन्यात कपाटातच बरी. शॉटगनचा एक बार दूरवरच्या झोंबींना आपला पत्ता सांगतो आणि चौघांनी चार बंदुका झाडल्या तर गोळ्या संपतात, झोंबी संपत नाहीत.

दमाकडे लक्ष द्यावे. सतत वार करून पात्र दमले की पडद्याच्या उजव्या बाजूला त्याची खूण दिसू लागते आणि त्याच हत्याराचा जोर निम्म्याहून कमी झाल्यासारखा वाटतो. जो दमला त्याने तसे सांगावे आणि मागे जाऊन जमिनीवर बसावे, विसावलेल्याने पुढे यावे. पाठीवरचे ओझे लढाईआधी खाली टाकावे. जड पिशवीसकट लढणारा लवकर दमतो. एकट्या खेळाडूला अशी पाळी बदलण्याची सोय नसते. गटाचा खरा फायदा इथे आहे, आणि बरेच गट तो वापरतच नाहीत.

जखम आणि चावा

झोंबीच्या हल्ल्यातून तीन प्रकारच्या जखमा होतात. मूळ नियमांनुसार ओरखड्यातून नॉक्स संसर्ग, म्हणजे माणसाचा झोंबी करणारी लागण, होण्याची शक्यता ७ टक्के, चिरलेल्या जखमेतून २५ टक्के आणि चाव्यातून १०० टक्के असते. या संसर्गावर औषध नाही, आणि तो झाला की साधारण दोन-तीन दिवसांत मृत्यू येतो. जखमी मित्राजवळ जाऊन त्याच्यावर माउसची उजवी कळ दाबली की वैद्यकीय तपासणीचा पर्याय मिळतो. क्रम असा ठेवावा: आधी आत रुतलेला काच चिमट्याने काढणे, मग जंतुनाशक, खोल जखम असेल तर सुई-दोऱ्याने टाके आणि शेवटी स्वच्छ पट्टी. पट्टी मळली की बदलावी. मळमळ सुटली म्हणजे संसर्गच झाला असे लगेच समजू नये. शिळे अन्न किंवा घराभोवती साठलेली प्रेतेही आजारी पाडतात, म्हणून ठाण्याजवळची प्रेते लांब ओढून न्यावीत किंवा पुरावीत.

चावा लागला असेल तर लपवू नये. गटात ही गोष्ट पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलून ठेवावी, कारण पात्रावर जीव जडलेला माणूस शेवटपर्यंत सांगत नाही आणि मग ठाण्यात, बंद दारांच्या आत, तो झोंबी होऊन उठतो. चावलेल्याने आपले सामान, चाव्या आणि न वाचलेली पुस्तके मित्रांच्या हवाली करावीत, नकाशावर आपण पाहिलेल्या जागा पेनाने नोंदवाव्यात, आणि उरलेल्या दोन दिवसांत सर्वांत धोक्याचे काम अंगावर घ्यावे, जसे की दुकानासमोरचा जमाव आवाज करून दूर नेणे. मेलेल्या खेळाडूला त्याच जगात नवे पात्र घेऊन परतता येते. कौशल्ये मात्र शून्यापासून सुरू होतात, म्हणून वाचून झालेली कौशल्यांची पुस्तके टाकून देऊ नयेत. प्रत्येक विषयाचे खंड ठाण्यात एका कपाटात लावून ठेवावेत. पुस्तक आधी वाचून मग काम केले तर गुण कितीतरी वेगाने मिळतात.

पाणी आणि वीज जाण्यापूर्वी

नेहमीच्या नियमांत पहिल्या ३० दिवसांत केव्हातरी नळाचे पाणी बंद होते आणि वीजही जाते. दोन्ही एकाच दिवशी जातील असे नाही. पूर्वसूचना मिळत नाही. गुरुवारी पाणी बंद म्हटले की बुधवारी रात्री पुण्यातील घराघरांत पिंपे, बादल्या, पातेली जशी भरून ठेवतात, तसेच इथे पहिल्या दिवसापासून करायचे आहे: बाटल्या, पातेली, किटल्या, बादल्या, जे सापडेल ते भरावे आणि रोज संध्याकाळी एकाने ते भरलेले आहे ना हे पाहावे.

त्यानंतरची सोय पावसावर आहे. सुतारकामाची ४थी पातळी आली की ४ फळ्या, ४ खिळे आणि ४ कचऱ्याच्या पिशव्या लावून पावसाचे पाणी साठवणारे पिंप बनवता येते. छपरावर अशी चार-सहा पिंपे ठेवावीत. पिंपातील पाणी तसेच प्यायल्यास पात्र आजारी पडते, ते उकळूनच प्यावे. घराच्या वरच्या मजल्यावर ठेवलेले पिंप पाइप रिंचने खालच्या मजल्यावरील सिंकला जोडता येते, आणि त्यासाठी घर निवडतानाच छप्पर आणि सिंक यांची जागा पाहून ठेवावी.

जनरेटर बाहेरच ठेवावा. घरात चालवला तर त्याच्या धुराने आतले सगळे मरतात, आणि हे इतक्या शांतपणे घडते की कारण कळायच्या आत उशीर झालेला असतो. त्याची वीज सुमारे २० चौकटींच्या (खेळातील जमिनीच्या चौरसांच्या) परिसरात पोहोचते. तो पेट्रोलवर चालतो, आवाज करतो आणि हळूहळू झिजतो; दुरुस्तीसाठी मोडक्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे भाग लागतात आणि दुरुस्तीपूर्वी तो बंद करावा लागतो. शीतपेटीतील मांस टिकवण्यासाठी तो दिवसभर चालू ठेवण्याइतके पेट्रोल आहे का, याचा हिशेब आधी करावा. वीज असेपर्यंत पेट्रोल पंप चालतात, म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत मिळतील तितके कॅन भरून ठेवावेत. नंतर पंपाजवळ जनरेटर नेऊन लावला की पंप पुन्हा सुरू होतो.

अन्नाबाबत थोडक्यात: आधी शीतपेटीतील नाशवंत खावे, डबाबंद शेवटी. डबे उघडायला कॅन ओपनर लागतो, तो दिसेल तिथे उचलावा. शेगडीवर काही ठेवून कोणीही बाहेर जाऊ नये. आग लागली की ठाणे, साठा आणि पुस्तके सगळे एकदम जाते.

ठाणे

गावाच्या कडेला असलेले दुमजली घर निवडावे, ज्याला दोन बाजूंनी बाहेर पडण्याची वाट आहे. गावाच्या मध्यभागी असलेले मोठे दुकान मोहात पाडते, पण त्याच्या रुंद काचा झाकायला लागणाऱ्या फळ्यांत तीन घरे बांधून होतात. खिडकीवर एका बाजूने जास्तीत जास्त ४ फळ्या ठोकता येतात. प्रत्येक फळीला २ खिळे आणि हातात हातोडी लागते. तळमजल्याच्या सगळ्या खिडक्या आधी दोन-दोन फळ्यांनी झाकाव्यात आणि मग उरलेल्या फळ्या रस्त्याकडच्या बाजूला द्याव्यात. वरच्या मजल्यावरच्या खिडकीला चादरींचा दोर बांधून ठेवावा. खाली दार फुटले तर चौघांनी त्याच दोराने उतरायचे आणि ठरलेल्या ठिकाणी भेटायचे. ही वाट एकदा सगळ्यांनी प्रत्यक्ष उतरून पाहावी.

साठा एकाच खोलीत नको. चौघांपैकी ज्याला जे लागते ते तो घेऊन जातो आणि खिळे कुठे गेले यावरून रात्र संपते. सुतारकामाचे साहित्य एका पेटीत, औषधे दुसऱ्या, अन्न तिसऱ्या अशी वाटणी करून पेटीला नाव द्यावे. ही शिस्त रुक्ष वाटते. पण जमाव दाराशी आलेला असताना पट्ट्या कुठे आहेत हे विचारावे लागू नये, यासाठी ती हवी.

हेलिकॉप्टरचा दिवस

साधारण ६व्या ते ९व्या दिवसादरम्यान एकदा आकाशात हेलिकॉप्टर येते. ते मदतीला आलेले नसते. ते बाहेर दिसलेल्या माणसाच्या मागे घिरट्या घालते आणि त्याच्या आवाजाने आसपासचे झोंबी त्या जागी जमतात. म्हणून ५व्या दिवसापासून दोन नियम पाळावेत: कोणीही ठाण्यापासून इतके दूर जाऊ नये की परतायला अंधार पडेल, आणि प्रत्येकाच्या पिशवीत दिवसभराचे पाणी व अन्न असावे. आवाज ऐकू येताच जो जिथे असेल त्याने तिथल्या घरात शिरून पडदे लावावेत. सगळ्यात वाईट निर्णय म्हणजे उघड्या रस्त्याने पळत ठाण्याकडे येणे, कारण त्याच्यामागे सगळा जमाव मित्रांच्या दारी येतो. ठाण्यात असलेल्यांनी मागच्या बाजूला एक गाडी, तोंड रस्त्याकडे करून, तयार ठेवावी.

गाड्या आणि लांबचा प्रवास

गाडीची चावी इग्निशनमध्ये, पुढच्या कप्प्यात, जवळच जमिनीवर किंवा आसपास फिरणाऱ्या झोंबीच्या खिशात सापडू शकते. गाडी घेण्यापूर्वी बॅटरी, टायर आणि पेट्रोल पाहावे. बिनकामाच्या गाड्यांतून रिकाम्या कॅनमध्ये पेट्रोल काढून घेता येते. झोंबींना गाडीने उडवत जाण्याचा मोह आवरावा, कारण पुढचा भाग आणि इंजिन लवकर निकामी होते आणि मग जमावाच्या मध्यात गाडी बंद पडते. गटाने नेहमी दोन गाड्या घेऊन निघावे, दोन्हीत दोघे-दोघे, आणि दोन्हीत वॉकीटॉकी एकाच वारंवारतेवर लावलेला असावा.

पाणी, वीज आणि महिनाभराचे अन्न यांची घडी बसली की लुइव्हिलचा विचार करता येतो. नकाशाच्या ईशान्येकडील या शहरात औषधे, हत्यारे आणि पुस्तके मुबलक आहेत आणि झोंबींची दाटीही इतर कुठल्याही गावापेक्षा जास्त आहे. पहिल्या खेपेला शहरात आत शिरू नये. बाहेरच्या वस्तीत एक घर साफ करून तिथे दोन दिवसांचे अन्न, पेट्रोलचे कॅन, पट्ट्या आणि चार जास्तीची हत्यारे ठेवून परत यावे, वाटेत बंद पडलेल्या गाड्यांनी अडलेले रस्ते नकाशावर खुणा करून घ्यावेत, आणि दुसऱ्या खेपेला त्या घरापासून पायी, एका वेळी एकच रस्ता साफ करत पुढे सरकावे. निघण्याच्या आदल्या रात्री होस्टने जगाची प्रत काढून ठेवावी आणि कोणाच्या पिशवीत कोणती चावी आहे हे सर्वांसमोर एकदा मोजून घ्यावे.